तीन दिवस हात लावायचा न्हाई

तुळशीरामच्या जीपमध्ये बसायचं तर आधी पाय झटकावे लागत. नुसते झटकून भागत नसे. मागच्या पायरीला त्यानं सायकलच्या टायरचा तुकडा बांधला होता, त्यावर चपला घासायच्या, आणि तो आरशातून बघत असे. शेतातून आलेल्या बाईच्या हातात विळा दिसला की म्हणे, "इळा गोणपाटात बांध, माय. न्हाईतर तू बस आत, इळ्याला पायी येऊ दे." बायका हसत, एखादी शिवी घालत, आणि विळा गुंडाळत.

आमचं गाव मानवतच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून. नाव लिहीत नाही. लिहिलं तर चार घरं आजही ओळखू येतील, आणि त्यातलं एक माझं आहे. फाट्यावर आमचं दुकान होतं, इंजिनाचे सुटे भाग, पाइप, फवारणीचे पंप. थोरले भाऊ अण्णा गल्ल्यावर, मी मालावर. दुकानामागे पत्र्याचं मोठं शेड. समोर, रस्त्यापलीकडे, लिंबाचं झाड, आणि लिंबाखाली तुळशीरामची निळी जीप. फाटा ते मानवत, मानवत ते फाटा. कधी लग्नाची मंडळी असली तर देवगाव फाट्यापर्यंत. दिवसभर तो आमच्या डोळ्यांसमोर असायचा. मला आप्पा म्हणायचा, आमच्यात म्हणतात तसं. मी त्याला तुळशीराम म्हणायचो. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी मोठा होता, पण त्याच्या नावापुढे काही जोडावं असं त्या वेळी मला सुचलं नाही.

मी त्याच्याबद्दल आजवर लिहिलं नाही, बोललोही नाही. आता पन्नाशी उलटून गेली आहे. माझं लिहिणं ज्यांना जड गेलं असतं त्यातलं कोणी उरलेलं नाही. अण्णा गेले, तुळशीराम गेला, आणि आणखी एक माणूस होता, तो गेल्या पावसाळ्यात गेला.

बांध्यानं तो बेताचा होता, हात मात्र लांब. डावा डोळा कायम अर्धा मिटलेला, कशावर तरी नेम धरल्यासारखा. त्याला कुठलीही वस्तू समोरून बघायची सवय नव्हती. नवी बादली असो, कपाट असो, आमच्या दुकानाचा रंगवलेला फळा असो, तो बाजूला जाऊन मान वाकडी करून बघायचा. "समोरून सगळंच गुळगुळीत दिसतं, आप्पा. तिरपं बघावं." माणसांकडेही तो तसंच बघायचा. समोरच्याला वाटे, हा आपल्यात काहीतरी खोट शोधायलाय.

ती जीप मूळची कालव्याच्या खात्याची. त्या खात्यात त्यानं पंधरा वर्षं रोजंदारीवर साहेबांना फिरवलं, तीच गाडी चालवून. साहेब बदलत, तो राही. पण त्याला कायम काही केलं नाही. तो सांगायचा, "सरकारी गाडीचा रंग म्हंजी सरकारी भिंत. कुनीबी खरवडावं." खडीच्या रस्त्यानं पुढचा पत्रा सगळा टोचला गेला होता, बांधावरच्या बाभळींनी दारं ओरबाडली होती. पुढे ती जीप लिलावात निघाली आणि त्यानं ती घेतली. मग चार महिने तिला रस्त्यावर आणलीच नाही. सगळा रंग खरवडून काढला, पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरनं घासली, रंग दिला, परत घासली, परत दिला. गडद निळा. शेवटी आली तेव्हा लिंबाची पानं तिच्यात दिसत होती.

निळ्याचा अर्थ आमच्या गावात सगळ्यांना कळत होता. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याहत्तरला, जे झालं ते सगळ्यांच्या लक्षात होतं. कुणी बोलत नव्हतं एवढंच. गावच्या पाटलांनी एकदा त्याला विचारलं, "कारे तुळशा, दुसरा रंगच भेटला न्हाई का बाजारात?"

"भेटला की, मालक. पर ह्यो स्वस्त पडला. आभाळाला दिऊन ढीग उरलाय म्हनं."

पाटील हसले, पण बोनेटला कोपर टेकून उभे राहिले, तोंडात पान. तुळशीरामनं खांद्यावरचा गमछा काढला आणि अदबीनं त्यांच्या कोपराखाली सरकवला. "बोनेट तापलंय, मालक. चटका बसंल." बोनेट गार होतं. सकाळपासून गाडी हललेली नव्हती. हे मला, पाटलांना आणि त्याला, तिघांनाही माहीत होतं.

समोरच्या खणात तो तंबाखूची एक रिकामी डबी ठेवायचा. तिच्यात खडे. गाडीला लागून रंगाचा टवका उडवणारा खडा तो गाडी थांबवून शोधून आणायचा. भरलेल्या गाडीतली माणसं बोंबलायची, "अरे, लगीन लागून जाईल तिकडं!" तो सावकाश परत येऊन बसायचा. मला एकदा त्यानं डबी उघडून दाखवली. "ह्यो देवगाव फाट्याचा. ह्यो सेलूच्या पुलाजवळचा. ह्यो तुमच्या दारातलाच हाय."

"आमच्या? मग आता काय दंड करतोस?"

"तुमाला कसला दंड. नुसता ठिवला. कुनी कुटं मारलं ते ध्येनात असावं."

हे तो हसत म्हणाला होता. मीही हसलो होतो.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. दुकानात चहा आला की तुळशीरामचा पेला बाहेरच्या कोनाड्यात असे. तो स्वतः घ्यायचा, स्वतः धुवायचा, परत कोनाड्यात पालथा घालायचा. आमच्या गळ्यात लिंग. जात मानू नये असं आमच्या धर्मात पहिल्यापासून सांगितलेलं आहे, आणि लहानपणी ते मी पाठही केलं होतं. पेला मात्र मी कधी आत घेतला नाही. अण्णांनी मनाई केली होती असंही नाही. मी विचारलंच नाही.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर तो एका आजाऱ्याला घेऊन हैदराबादला गेला. आजाऱ्याला दवाखान्यात पोचवून बाजारात हिंडत असताना एका रेडियमवाल्याच्या दुकानासमोर थांबला. दुकानदार नंबरप्लेटच्या अक्षरांवर आरपार दिसणारा, चिकटणारा प्लास्टिकचा कागद चढवत होता. अक्षर खालून दिसत होतं आणि वरून नखानं ओरबाडलं तरी काही होत नव्हतं. तुळशीराम तासभर तिथेच उभा. मग विचारलं, हे अख्ख्या बोनेटवर चढंल का?

ही हकिगत तो दहादा सांगायचा, आणि दुकानदाराचा आवाज काढून सांगायचा. "त्यो म्हनला, क्या मियाँ, पूरी गाडी कू काँच का कपडा पिनाते क्या? म्या म्हनलं, हौ. पिनाते. त्यो म्हनला, कैसा पिनाते? म्या म्हनलं, तुमी कागद द्या, पिनायचं माज्याकडं लागलं."

त्या कागदाची मोठी गुंडाळी घेऊन तो आला. तिला तो फिलीम म्हणायचा. दोन महिने त्यानं ती उलगडली नाही. आधी सराव केला, आमच्याकडच्या मोडक्या पत्र्यांवर. माझ्या दुकानातला एक कोरा फवारणीपंप घेतला. "अवषिद गेलेला नगं, आप्पा, एक थेंब गेलेला बी नगं." साबण किसून कोमट पाण्यात विरघळवायचा, धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळायचा, पत्रा त्या पाण्यानं चिंब करायचा, फिल्मची चिकट बाजूही चिंब करायची, मग ती पत्र्यावर सोडायची. पाणी असेपर्यंत ती सरकते. जागेवर बसली की मधून कडेला, मधून कडेला, पाणी दाबून काढायचं. त्यासाठी त्यानं जुन्या स्लिपरचा तळ कापून लाकडाला ठोकला होता. पाणी निघालं की ती धरते. पण सगळं पाणी एकदम निघत नाही. राहिलेली ओल आपोआप सुकायला तीन दिवस लागतात. तेवढे दिवस गाडीला ऊन नको, धूळ नको, हालचाल नको. हलली की कडा उचलतात, आणि एकदा कड उचलली की ती परत बसत नाही.

अडचण एकच होती. हंगाम कापसाचा. फाट्यापासून जवळच जिनिंग होतं, आणि पौषात आमच्याकडे हवेत कापसाची कूस असते. डोळ्याला दिसत नाही, पण काळ्या कपड्यावर सांजेपर्यंत पांढरी लव धरते. एक तंतू फिल्मखाली गेला तर कायमचा तिथेच दिसत राहणार. लिंबाखाली हे काम होणं शक्य नव्हतं. त्यानं मला शेड मागितलं. "तीन दिस, आप्पा. संक्रांत सरली की बाहेरच काढतो." मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. त्या दोन महिन्यांत मलाही त्या कामाचं वेड लागलं होतं.

किशनविषयी सांगायला हवं. हाच तो तिसरा माणूस. तो आमच्याकडे हमाल होता, चाळिशीचा, तुळशीरामच्या बायकोचा धाकटा भाऊ. मूळचा चुडाव्याचा. बहिणीच्या आधारानं इकडे आला आणि आमच्याकडे टिकला. दिवसभर पाइप वाहायचा. तुळशीरामला तो दाजी म्हणायचा आणि त्याच्यापुढे विडी ओढत नसे.

भोगीच्या आदल्या दिवशी आम्ही तिघांनी शेड रिकामं केलं. जमीन तीनदा शिंपली. दारांना ओली गोणपाटं टांगली. जीप आत घेतली. शेडाची जमीन रस्त्यापेक्षा खाली, उतारानं आत यावं लागे. तिला रॉकेलच्या फडक्यानं पुसली, डांबराचे ठिपके काढले, तीन पाण्यांनी धुतली. मग तुळशीराम आमच्याकडे वळला.

"सुटर काढा."

"काय?"

"सुटरची लव उडती. काढा. सदरा बी."

पौषातली सकाळ. मी आणि किशन उघडेबंब, डोक्याला ओली फडकी, दात वाजतायत. तुळशीराम आधीच उघडा. किशन म्हणाला, "दाजी, गाडीला कपडा पिनवायला आमाला नागवं केलं की तुमी." तुळशीराम हसला नाही. हातावरचे केससुद्धा त्यानं ओल्या हातानं निपटून घेतले होते.

पत्र्याचे आकार त्यानं आधीच वर्तमानपत्रांवर आखून कापून ठेवले होते. बोनेटचे दोन, दारांचे, मडगार्डचे, आणि हँडलामागचे दोन छोटे, जिथे नखांचे ओरखडे पडतात. त्या आठवड्याच्या पेपरात सगळ्या ठळक बातम्या नामांतराच्याच होत्या. दाराचा आकार एका मोठ्या मथळ्यातून अर्धवट कापला गेला होता. आम्ही तो मथळा फिल्मवर ठेवून ब्लेड चालवलं.

बोनेटच्या डाव्या बाजूला हवेचा एक बुडबुडा राहिला. हरभऱ्याच्या डाळीएवढा. मी म्हणालो, राहू दे, सुकला की जाईल. तो अर्धा तास त्या बुडबुड्यापाशी बसला. सुईनं टोचलं, स्लिपरच्या तळानं दाबलं, परत ओलं केलं, कड उचलली, परत बसवली. मी कंटाळून म्हणालो, "तुळशीराम, एवढा एक फोड कुणाला दिसणार आहे?"

तेव्हा तो बोलला. काम न थांबवता, माझ्याकडे न बघता.

"अठ्ठ्याहत्तरला आमच्या घराचं दार जाळलं. त्या दाराला म्या नवा आइलपेंट दिलता, पंधरा दिस झालते. आमी समदे ज्वारीत बसून बघायलो. रंगाला आधी बारीक बारीक फोड येत्यात, आप्पा. मंग ते रुपयाएवढे हुत्यात. मंग फुटत्यात. माज्या मायला वाटलं पाऊस आला, तसा आवाज येतो." त्यानं सुई गमछ्याला पुसली. "तवापासून मला रंगावर फोड बघवत न्हाई."

मी पंप उचलून कडेवर परत पाणी मारलं. बुडबुडा शेवटी गेला.

सांजेला काम संपलं. तो चहू बाजूंनी फिरला, मान तिरपी करून. जीप ओल्या काचेसारखी दिसत होती. त्यानं गाडी गिअरमध्ये टाकली, चाकांना दगड लावले आणि किल्ली माझ्या हातात दिली. तो आणि त्याची बायको सणाला तिच्या माहेरी, चुडाव्याला निघाले होते. किशन थांबणार होता.

"तीन दिस हात लावायचा न्हाई, आप्पा. कुनीच. तुमी बी न्हाई."

"नाही लावत."

"कड उचलंल."

"अरे, नाही लावत म्हटलं ना."

संक्रांतीच्या दिवशी रेडिओवर सांगितलं, विद्यापीठाचं नाव झालं. नामांतर नव्हे, नामविस्तार म्हणाले. आमच्या दुकानात तिळगूळ वाटणं चाललं होतं. अण्णांनी रेडिओ बंद केला.

दुसरा दिवस करीचा. अण्णा सकाळी मानवतला गेले होते, दुपारी परत आले ते घामाघूम. कुठल्या गावात काय झालं, कुठे कोणाला मारलं, कुठे वस्तीला आग लावली, सगळं सांगत सुटले. त्यातलं खरं किती आणि ऐकीव किती, कोण जाणे. शेडाकडे हात करून ते म्हणाले, "त्याची गाडी आपल्या शेडात हाय, हे सगळ्या फाट्याला ठाव हाय. त्या गाडीपायी आपलं दुकान जाळून घ्यायचं का?"

"अण्णा, अजून ओली आहे. तीन दिवस..."

"मंग येनाऱ्यांना तीन दिस थांबा म्हनून सांगू का?"

मी यापेक्षा जास्त विरोध केला नाही. इतकी वर्षं मनातल्या मनात मी या प्रसंगात बरंच काही घालत आलो. बाहेर जमाव आहे, कोणीतरी शेडाची किल्ली मागतंय, कोणाच्या तरी हातात कुऱ्हाड आहे. यातलं काहीही नव्हतं. फाटा मोकळा होता. दुपारचे तीन वाजले होते. कोणी आलं नव्हतं, कोणी धमकी दिली नव्हती, कोणी जीपचं नावसुद्धा काढलं नव्हतं. आम्ही नुसते घाबरलो आणि ती बाहेर काढली.

गाडी चालवता आम्हा दोघांनाही येत नव्हती, आणि ढकलत उतार चढून वर न्यायची तर दोघांच्यानं होईना. मी किशनला हाक मारली.

तो दारात येऊन उभा राहिला. त्याला सगळं समजलं होतं. "आप्पा, दाजीला इचारल्याबिगर?"

"दाजीला मी सांगतो. हात लाव."

"तीन दिस झाले न्हाईत."

"किशन, हात लाव म्हणतो ना."

मी मालक होतो. तो हमाल होता. त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं, बादलीत भिजवलं, पिळलं, मडगार्डवर पसरलं, आणि त्यावर तळवे ठेवले. फिल्मला बोटं लागू नयेत म्हणून. मीही काळजी घेतली. गिअर काढायला दार उघडायचं होतं, तर हँडलाला न धरता खालच्या कडेला बोटं घालून उघडलं. एवढी काळजी घेऊन आम्ही तिघांनी ती वर ढकलली आणि समोरच्या लिंबाखाली उभी केली. किशनला मी तिथूनच त्याच्या सासरवाडीला, जिंतूरकडे, धाडलं. "विचारलं तर सांग, संक्रांतीच्या सकाळीच गेलो होतो." तो ओलं फडकं तसंच खांद्यावर टाकून निघून गेला.

दिवेलागणीला वीस-पंचवीस जण आले. परके नव्हते, आमच्याच गावचे. घोषणा देत वस्तीकडे चालले होते, लिंबाखाली निळी जीप दिसली आणि थांबले, आणि ती पेटवून तिथूनच परतले. मी शटर अर्धं ओढून फटीतून बघत होतो. ती शेडात असती तर ते सरळ पुढे गेले असते का, हे मला माहीत नाही. पुढे गेले असते तर वस्तीचं काय झालं असतं, तेही माहीत नाही. अण्णा पुढे कैकदा म्हणायचे, "बघ, गाडीवर भागलं." त्यातल्या दोघांना मी परवापरवापर्यंत रस्त्यात रामराम घालत होतो.

तुळशीराम दोन दिवसांनी आला. स्टेशनपासून चालत. लिंबाची एक बाजू काळी पडली होती. पोलिसांचे जमादार आमच्याच दुकानातल्या खुर्चीवर बसून पंचनामा लिहीत होते. मजकूर अण्णांशी आधीच बोलून झाला होता. वायरी जुन्या, ठिणगी पडली.

"गाडी इथं कुणी लावली?" जमादारांनी मला विचारलं.

"त्यानंच. सणाला जाताना."

"शेडात नव्हती?"

"नाही."

तुळशीराम ऐकत होता. तो आरडाओरडा करील याची मी वाट बघत होतो. केला असता तर मला सोपं गेलं असतं. तो जीपच्या सांगाड्याभोवती फिरला, मान तिरपी करून, नेहमीसारखा. आत वाकून गिअरच्या दांड्याला हात लावला. दांडा सैल हलला.

"न्यूटलला हाय," तो म्हणाला.

"मग?" जमादार.

"काई न्हाई."

मग माझ्याजवळ आला. आवाज खाली. "आप्पा, दार कसं उगडलं? हँडलाला धरून का खालून?"

"खालून," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "बरं केलं. हँडलापाशी वल लय टायम ऱ्हाती."

जमादारांनी यातलं काही लिहिलं नाही. त्यांना ते दोन मेकॅनिकांचं बोलणं वाटलं असावं. त्या दिवशी मी खरा बोललेला शब्द तेवढा एकच. पुढे तक्रार झाली, माझा जबाब तिच्या आड आला, आणि ती बंद झाली. वस्तीतल्या लोकांनीही त्यालाच दोष दिला, म्हणाले, असल्या दिवसांत निळी गाडी शेठच्या दारात मिरवायला लावून गेला. तो कोणापाशी खुलासा करत बसला नाही. महिन्याभरात बिऱ्हाड चुडाव्याला हलवलं. किशननंही आमचं काम सोडलं. कारण विचारलं तर म्हणाला, "पाठ दुखती, आप्पा."

नऊ वर्षांनी मी चुडाव्याला गेलो. अण्णांचं वर्षश्राद्ध झालं होतं. मला वाटलं, आता कोणाच्या अब्रूचा प्रश्न उरलेला नाही, माझं ओझं जाऊन टाकून यावं. माझं ओझं, खरं तर विचार तेवढ्यापुरताच होता.

घर रुळांना लागून. दारात बाज, बाजेवर तुळशीराम. दम्यानं वाळला होता. बायको वारलेली. शेजारच्या खोलीत किशन आणि त्याची बायको. तिच्या हातचंच तुळशीराम जेवत होता. पाण्याचा तांब्या घेऊन किशन बाहेर आला, मला बघितलं आणि तिथेच थबकला.

"आप्पा हायत," तुळशीराम त्याला म्हणाला. "पानी दे की."

किशननं तांब्या ठेवला आणि आत गेला. मी फार वेळ इकडचं तिकडचं बोलू शकलो नाही. म्हणालो, "गाडी मी बाहेर काढली होती. कोणी आलं नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं. आम्हीच."

"म्हाईत हाय की. तुमी खालून म्हनलाव तवाच कळलं."

"मग इतकी वर्षं..."

"काय करायचं व्हतं?" त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत मी खाली बघत होतो. मग तो म्हणाला, "पर मला एक समजना, आप्पा. शेडातून वर यायला चढ हाय. तुमी अन् अण्णा, दोघांच्यानं ती चढनार न्हाई. तिसरा कोन व्हता?"

आतल्या भांड्यांचा आवाज थांबला.

मी म्हणालो, "वाटसरू होता एक. गंगाखेडकडचा."

"वाटसरू."

"हो. त्याला म्हटलं, हात लाव. त्यानं लावला. नीट लावला, तुळशीराम. फडकं ओलं करून, त्यावर हात ठेवून ढकलली. फिल्मला त्याचा..."

नव्या फिल्मवर ओलं फडकं धरून गाडी ढकलील असा माणूस त्या फाट्यावर एकच होता. ते त्यानं तुळशीरामच्याच हाताखाली शिकलेलं होतं. मला त्याचं चांगलं सांगायचं होतं, आणि ते सांगताना मी त्याला धरून दिलं.

तुळशीराम आत तोंड करून म्हणाला, "किशन, आप्पाला च्या दे."

चहा आला. पेला आतलाच होता, घरातल्या बाकीच्या पेल्यांसारखा. किशननं तो माझ्यापुढे ठेवला आणि आत गेला. मी तो प्यालो. परतीच्या पॅसेंजरची वेळ झाली. निरोप घेताना तुळशीराम एवढंच म्हणाला, "सांबाळून जा रे." मला तो कधी अरे-तुरे बोलला नव्हता, तेव्हाच पहिल्यांदा आणि शेवटचं.

पॅसेंजर सुटली ती रोजच्यासारखी हळू, म्हणून डब्यातून सगळं दिसलं. तुळशीराम बाजेवर तसाच बसला होता. किशन त्याच्यासमोर जमिनीवर उकिडवा, दोन्ही हात डोक्यावर. मग तुळशीराम थोडा सरकला, शेजारी जागा केली, आणि बाजेवर हातानं थाप मारली. किशन उठला नाही. माझा डबा पुढे जाईपर्यंत तरी उठला नव्हता.